सुपरमॅन डोळ्यांच्या तपासणीत नापास झाला ते बरं झालं

उलटा_चष्मा | शनिवार, रात्री ११:१०

(रसभंगाचा इशारा: खाली बऱ्याच सिनेमांचे शेवट फोडले आहेत. प्रतिसादांतही फुटणार. नंतर तक्रार नको.)

काल पहिल्या महायुद्धात घडणारा 'वंडर वूमन' (२०१७) पुन्हा लागला होता. सासूबाई त्यांची मालिका सुरू व्हायची वाट बघत शेजारी बसल्या होत्या. शेवटी डायना (म्हणजे वंडर वूमन) एरीझला संपवते, धूर विरतो, जर्मन सैनिक तोंडावरचे मास्क काढतात आणि घटकाभरापूर्वी ज्यांच्या जिवावर उठले होते त्यांच्याच गळ्यात पडतात. सासूबाईंनी शांतपणे विचारलं, "हा युद्धाचा देव ना? मेला ना? मग हिटलरच्या वेळी कोण होता?"

मी "सिनेमा आहे हो" म्हणून वेळ मारून नेली. पण प्रश्न डोक्यातून जाईना. कारण त्याला खरोखरचं उत्तर आहे, आणि त्या उत्तराला डायनाने शेवटच्या मारामारीच्या थोडं आधीच तलवारीने संपवलं होतं.

जर्मन जनरल एरिख लुडेनडॉर्फ. सिनेमात हा नोव्हेंबर १९१८ मध्ये शस्त्रसंधीच्या आड येणारा, विषारी वायूने भरलेलं विमान घेऊन निघालेला माथेफिरू आहे. खऱ्या लुडेनडॉर्फने २९ सप्टेंबर १९१८ला सरसेनापती हिंडेनबर्गच्या जोडीने कैसरला, म्हणजे जर्मन सम्राटाला, सांगितलं होतं की आता शस्त्रसंधी मागण्यावाचून गत्यंतर नाही. मग महिन्याभरात शब्द फिरवला आणि २६ ऑक्टोबरला त्याची गच्छंती झाली. म्हणजे सिनेमा घडतो तेव्हा साहेबांकडे ना पद होतं ना फौज. पुढे "आमचं सैन्य रणांगणावर हरलंच नाही, मागे घरात बसलेल्यांनी पाठीत खंजीर खुपसला" ही कंडी पिकवणाऱ्यांत तो आघाडीवर होता. शस्त्रसंधी मागणारा स्वतः, आणि दोष दुसऱ्यांच्या माथी. नोव्हेंबर १९२३ मध्ये म्युनिकच्या फसलेल्या उठावात तो हिटलरच्या सोबत रस्त्यावर उतरला, खटल्यातून निर्दोष सुटला आणि १९३७ मध्ये म्हातारा होऊन मेला.

तर सासूबाई, हिटलरच्या वेळी हाच होता.

युद्धाच्या पार्श्वभूमीवरचा सुपरहिरोपट बघताना आपण बहुतेकदा चुकीच्या चुका काढतो. गणवेशाचं बटण, रणगाड्याचं मॉडेल, अमुक बंदूक तमुक सालात नव्हतीच. या सगळ्याला माझी माफी आहे. देवाची मुलगी चालते तर दोन वर्षं पुढची बंदूकही चालेल. मला खुपतं ते वेगळंच. कल्पनेच्या नावाखाली दोष एका खांद्यावरून उचलून दुसऱ्यावर ठेवला जातो, आणि ठेवला जातो तो नेमका अशा कुणावर ज्याला शेवटी मुठीने मारता येईल. खरं युद्ध ज्यांनी केलं ते मात्र मास्क काढून मिठ्या मारायला मोकळे.

तुम्हाला काय वाटतं? उदाहरणं द्या. नुसतं "लॉजिक घरी ठेवून बघा" नको.

भाबडा_प्रेक्षक | शनिवार, रात्री ११:३२

लॉजिक घरी ठेवून बघा.

(राहवलं नाही.)

पण खरंच उच (उलटा चष्मा) भाऊ, जिला मातीपासून घडवून देवाने प्राण फुंकला असं सांगत वाढवलं, जिच्या दोरीत अडकलं की माणूस खरं बोलतो, तिच्या सिनेमात तुम्ही लुडेनडॉर्फच्या राजीनाम्याची तारीख तपासताय? तिकीट काढताना करार काय झाला होता? चांगला जिंकणार, वाईट हरणार, मध्ये दोन तास धमाल.

तोफखाना | रविवार, सकाळी ७:०५

उच, तुम्ही बटणांना माफ केलंत, मी करत नाही. माझं खातंच ते आहे.

डायनासोबतचा अमेरिकन हेर स्टीव्ह तिला सांगतो की ही तुकडी जवळजवळ वर्षभर इथेच अडकली आहे, इंचभरही सरकलेली नाही. नोव्हेंबर १९१८? बेल्जियम? ८ ऑगस्टला अमियाँपासून दोस्त राष्ट्रांची मुसंडी सुरू झाली, २८ सप्टेंबरला इप्रजवळची फळी फुटली, आणि त्यानंतर जर्मन फौज रोज मागे हटत होती. सिनेमात दिसतं ते १९१६-१७चं युद्ध आहे, त्याच्यावर १९१८ची पाटी ठोकली आहे. का? तर प्रेक्षकाच्या डोक्यात पहिलं महायुद्ध म्हणजे खंदक, चिखल आणि काटेरी तार, आणि शेवटी शस्त्रसंधीचे फटाकेही हवेत. दोन्ही हवं असलं की अशी ओढाताण होते.

आणि तो वायू. सिनेमातल्या जर्मनांची रसायनतज्ज्ञ डॉ. मारू, तिचा शोध काय, तर गंधकाऐवजी हायड्रोजनचा मस्टर्ड गॅस. मस्टर्ड गॅसच्या रेणूचा कणाच गंधकाचा. तो काढला तर राहतं काय? बरं, वायुयुद्धाची खरी गोष्ट काय कमी भयंकर आहे? २२ एप्रिल १९१५, इप्र. नळकांड्यांच्या तोट्या उघडल्या आणि क्लोरीनचा पिवळट-हिरवा ढग वाऱ्याबरोबर फ्रेंच खंदकांकडे सरकला. त्यावर देखरेख करणारे फ्रिट्झ हाबर. हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया बनवण्याची कृती यांचीच, ज्याच्या खतावर आज निम्मं जग जेवतं. त्याबद्दल त्यांना १९१८चं नोबेल मिळालं. असा माणूस हाताशी असताना चेहऱ्यावर अर्धा मुखवटा लावलेली वेडसर बाई कशाला लागते?

उलटा_चष्मा | रविवार, सकाळी ८:२०

तोफखाना, बटणांचं म्हणता म्हणता शेवटच्या वाक्यात तुम्ही माझ्याच मुद्द्यावर आलात. हाबर वेडसर नव्हता, शहाणा होता, देशभक्त होता. तो पडद्यावर आला तर कुणाला ठोसा मारायचा?

निळी_शाई | रविवार, सकाळी १०:४७

मी थोडी विरुद्ध बाजूने बोलते.

उच, शेवटाबद्दल तुम्ही सोयीचं तेवढंच सांगितलंत. लुडेनडॉर्फ मेल्यावर युद्ध थांबत नाही, हे सिनेमातच आहे. डायना गच्चीवर तलवार हातात घेऊन उभी आहे आणि खाली सैनिक वायूची पिंपं भरतच आहेत. तिला कळत नाही की आता का. स्टीव्ह तिला सांगतो की कदाचित सगळा दोष एकाच वाईट माणसाचा नसेल, कदाचित तो आपल्या सगळ्यांचाच असेल. एवढ्या मोठ्या खर्चाच्या सिनेमात हे वाक्य येणं ही लहान गोष्ट नाही. आणि एरीझ स्वतः काय म्हणतो? मी फक्त कानात कल्पना सांगतो, वापरायची सक्ती मी करत नाही. शस्त्रसंधीसाठी तो धडपडतो, कारण ती टिकणार नाही हे त्याला ठाऊक आहे. म्हणजे तुमच्या सासूबाईंच्या प्रश्नाचं उत्तर त्याने आधीच देऊन ठेवलं आहे.

दुसरं, नो मॅन्स लँडचा, म्हणजे दोन बाजूंच्या खंदकांमधल्या मोकळ्या जमिनीवरचा प्रसंग. मी तो चित्रपटगृहात बघितला तेव्हा रडले. का रडतोय हे तेव्हा कळलं नाही, नंतर कळलं. १ जुलै १९१६ला सोमच्या लढाईच्या पहिल्या दिवशी ब्रिटिशांचे ५७,४७० जण पडले, त्यातले १९,२४० मेले. एका दिवसात. त्यातल्या प्रत्येकाने खंदकाची शिडी चढताना मनात काय मागितलं असेल? पुढे कुणीतरी असावं ज्याच्या अंगावर सगळ्या गोळ्या जातील. डायना तेच करते. ती त्या प्रसंगात कुणाला मारत सुटलेली नाही, ढालीआड गुडघे रोवून मशीनगनचा मारा अंगावर घेते आणि बाकीच्यांना पुढे जायला वाट मिळते. हे खोटं आहे हे मला माहीत आहे. ते किती खोटं आहे हे माहीत असल्यामुळेच ते लागतं. ज्याला सोम माहीत नाही त्याला तो नुसता ॲक्शन सीन आहे.

तेव्हा कल्पना आणि वास्तव यांना कुस्तीच्या आखाड्यात समोरासमोर का उभं करायचं? इथे कल्पना वास्तवाच्या खांद्यावर उभी आहे.

अर्धवट_रीळ | रविवार, सकाळी ११:०२

निळी_शाई, टाळ्या.

आणि एक भर. त्या शेवटाबद्दल दिग्दर्शिका पॅटी जेन्किन्स यांनीच नंतर मुलाखतीत सांगितलं आहे की त्यांचा मूळ शेवट लहान होता, स्टुडिओने ऐनवेळी बदलायला लावला. म्हणजे गच्चीवरचा प्रश्न त्यांचा, विजांची आतषबाजी कंपनीची.

उलटा_चष्मा | रविवार, दुपारी १२:१५

निळीताई, गच्चीचा मुद्दा शंभर टक्के मान्य. तो प्रसंग मी लेखात गाळला ही माझी लबाडी. पण म्हणूनच जास्त राग येतो ना! प्रश्न इतका नेमका विचारला आणि मग पंधरा मिनिटांनी एरीझ मेल्याबरोबर सैनिक झोपेतून जागे झाल्यासारखे उठतात. संवाद म्हणतो दोष माणसाचा, चित्र म्हणतं भूत उतरलं. सिनेमात चित्र जिंकतं. सासूबाईंना संवाद आठवला नाही, मिठ्या आठवल्या.

आता शीर्षकाची गंमत सांगतो. हा पेच नवा नाही, कॉमिक्सवाल्यांना तो पहिल्याच वर्षांत पडला. फेब्रुवारी १९४०, अमेरिका अजून युद्धात नाही. 'लुक' मासिकाने सुपरमॅनचे जनक सीगल आणि शुस्टर यांना विचारलं, सुपरमॅनने हे युद्ध कसं संपवलं असतं? दोघांनी दोन पानांत संपवलं. सुपरमॅन हिटलरला उचलतो, स्टालिनला उचलतो आणि दोघांना जिनिव्हाला राष्ट्रसंघापुढे नेऊन उभं करतो. झालं. यावर एसएस या नाझी संघटनेच्या मुखपत्राने एप्रिलमध्ये सीगल यांच्यावर गरळ ओकणारा लेख छापला.

मग डिसेंबर १९४१ला पर्ल हार्बर झालं, अमेरिका युद्धात उतरली आणि दोन पानांचा उपाय पंचाईत होऊन बसला. पोरं खरीच मरायला लागली. सुपरमॅन आहे तर तो बर्लिनला का जात नाही? गेला तर युद्ध उद्या संपायला हवं, आणि ते तर संपत नाही. तेव्हा फेब्रुवारी १९४२च्या वर्तमानपत्री चित्रपट्टीत त्यांनी युक्ती काढली. क्लार्क केंट सैन्यात भरती व्हायला जातो. डोळ्यांच्या तपासणीत उत्साहाच्या भरात त्याची एक्स-रे नजर भिंतीपलीकडे जाते आणि तो शेजारच्या खोलीतला तक्ता वाचून दाखवतो. नापास! घरी जा.

हसू येतं, पण मला ही आजवरची सगळ्यात प्रामाणिक पळवाट वाटते. हे युद्ध आमच्या नायकाचं नाही, ज्यांचं आहे ते लढताहेत, एवढं तरी त्यांनी कबूल केलं.

रद्दीवाला | रविवार, दुपारी १:४०

अहाहा. उच, तुम्ही माझ्या दुकानात शिरलात.

कॅप्टन अमेरिकाची गोष्ट याच्या उलट. पहिला अंक बाजारात आला डिसेंबर १९४०मध्ये (मुखपृष्ठावर महिना मार्च १९४१ चा). पर्ल हार्बरला अजून वर्ष आहे. आणि मुखपृष्ठावर काय? कॅप्टन हिटलरच्या जबड्यावर ठोसा ठेवून देतोय. त्याचे निर्माते जो सायमन आणि जॅक कर्बी, दोघेही ज्यू कुटुंबांतले. अमेरिकेत तेव्हा नाझीधार्जिण्या मंडळींची कमी नव्हती. धमक्या आल्या, कचेरीबाहेर टोळकी घुटमळायला लागली, आणि सायमन यांनी सांगितल्याप्रमाणे न्यूयॉर्कचे महापौर ला गार्डिया यांनी स्वतः फोन करून संरक्षण दिलं.

म्हणजे १९४०ला नाव घेऊन ठोसा मारायला छाती लागत होती. आता २०११चा 'द फर्स्ट अव्हेंजर' बघा. दुसरं महायुद्ध आहे, युरोप आहे, आणि शत्रू कोण? हायड्रा नावाची काल्पनिक संघटना. तिचा म्होरक्या रेड स्कल तर नाझी अधिकाऱ्यांनाच भस्म करून वेगळा संसार थाटतो. आख्ख्या सिनेमात हिटलरला ठोसे बसतात ते रंगमंचावर, रंग फासलेल्या नटाला, युद्धरोखे खपवायच्या तमाशात. सत्तर वर्षांपूर्वी जे धोका पत्करून छापलं ते आता कुठलाच धोका नसताना गाळलं. खेळणी विकायला हायड्राचं ऑक्टोपसी चिन्ह सोयीचं पडतं, स्वस्तिक पडत नाही, बाकी काय.

तरीही रोख्यांचा तो भाग मला फार आवडतो. चड्डी-टोपी घालून नाचवलेला सैनिक, मागे नाचणाऱ्या मुली, आणि इटलीच्या आघाडीवर खऱ्या सैनिकांपुढे उभा केल्यावर झालेली त्याची हुर्यो. प्रचारयंत्रणा कशी चालते हे कुठल्या गंभीर युद्धपटानेही इतकं थोडक्यात दाखवलेलं नाही.

पहिल्या_रांगेतला | रविवार, दुपारी २:०५

हायड्राबद्दल तक्रार नको. उडत्या पंखासारखं ते विमान कसलं भारी होतं!

तोफखाना | रविवार, दुपारी २:३१

ते विमानच त्यातलं कमी काल्पनिक. जर्मनीत हॉर्टेन बंधूंनी शेपटीविना नुसत्या पंखाचं जेट विमान खरंच बनवलं होतं, १९४५च्या सुरुवातीला उडवलंही. आणि ते गूढ वस्तूंच्या मागे लागलेलं वेड, तेही हवेतून आलेलं नाही. एसएसचा प्रमुख हिमलर याने १९३५मध्ये 'आननएर्ब' नावाची संस्था काढली, तिच्या नावाशी जोडलेली एक मोहीम १९३८-३९ला तिबेटला जाऊन आली.

सगळ्यात खरं वाटतं ते मात्र दुसऱ्या भागात, २०१४च्या 'विंटर सोल्जर'मध्ये आहे. हायड्राचा शास्त्रज्ञ झोला युद्धानंतर अमेरिकेच्याच पगारावर. लोक म्हणाले काय कल्पनाशक्ती! 'ऑपरेशन पेपरक्लिप'मध्ये सोळाशेहून जास्त जर्मन शास्त्रज्ञ-तंत्रज्ञ अमेरिकेत नेले. व्हेर्नर फॉन ब्राउन नाझी पक्षाचा सदस्य होता, एसएसमध्ये अधिकारी होता. त्याची व्ही-२ रॉकेट्स मिटेलबाऊ-डोरा छळछावणीच्या बोगद्यांत कैद्यांकडून बनवून घेतली जात. ती पडून जेवढे मेले त्यापेक्षा ती बनवताना जास्त मेले असं मानलं जातं. पुढे चंद्रावर माणूस नेणारं सॅटर्न रॉकेट त्याच्याच देखरेखीखाली झालं. इथे खलनायकाला ठोसा नाही, ओळखपत्र मिळालं.

शंकेखोर | रविवार, संध्याकाळी ५:१८

फर्स्ट अव्हेंजरमध्ये मला खटकलेली गोष्ट कुणीच काढली नाही. कॅप्टनच्या तुकडीत गेब जोन्स हा कृष्णवर्णीय आणि जिम मोरिटा हा जपानी वंशाचा, सगळे एकत्र, हास्यविनोद चालू. मोरिटाकडे कुणी संशयाने बघितलं तर तो गळ्यातला बिल्ला दाखवून म्हणतो मी फ्रेस्नोचा आहे. प्रेक्षक हसतात, विषय संपला.

अमेरिकेच्या सैन्यात तेव्हा कृष्णवर्णीयांच्या तुकड्या वेगळ्या होत्या. ती विभागणी रद्द करायचा ट्रूमन यांचा आदेश निघाला २६ जुलै १९४८ला. आणि फ्रेस्नोमधला जपानी वंशाचा माणूस १९४३मध्ये कुठे असायचा? फेब्रुवारी १९४२च्या आदेशाने पश्चिम किनाऱ्यावरचे आणि आसपासचे सुमारे एक लाख वीस हजार लोक छावण्यांत डांबले होते, त्यातले बहुसंख्य जन्माने अमेरिकन नागरिक. जपानी वंशाच्या अमेरिकनांतून उभी राहिलेली ४४२ वी रेजिमेंट. ऑक्टोबर १९४४मध्ये फ्रान्सच्या व्होज डोंगरात वेढ्यात अडकलेल्या टेक्सासच्या बटालियनचे २११ जण त्यांनी सोडवले, आणि त्यासाठी त्यांचे स्वतःचे आठशेच्या आसपास मेले किंवा जखमी झाले. अनेकांचे आईवडील तेव्हा काटेरी तारेमागे होते.

माझी शंका अशी: सर्वसमावेशक दाखवायच्या चांगल्या हेतूने इतिहास सोज्वळ केला तर तोही दोष हलवणंच नाही का? इथे तर दोष कुणावर टाकलाही नाही, सरळ पुसून टाकला.

निळी_शाई | रविवार, संध्याकाळी ६:००

शंकेखोर, याचं माझ्याकडे सोपं उत्तर नाही. मोरिटा पडद्यावर आहे म्हणून एखादं पोर ४४२ व्या रेजिमेंटबद्दल शोधेल असं म्हणायचं होतं, पण शोधायला आधी संशय यावा लागतो, आणि तो विनोद संशयच मारतो.

वंडर वूमनमध्ये त्या मानाने दोन ओळी तरी आहेत. सोबतचा मूळ अमेरिकन माणूस, चीफ, डायनाला सांगतो की मागच्या लढाईत माझ्या लोकांचं सगळं गेलं. ती विचारते कुणी घेतलं? तो झोपलेल्या स्टीव्हकडे बोट दाखवतो: त्याच्या लोकांनी. एवढंच. पण ते आहे.

भाबडा_प्रेक्षक | रविवार, संध्याकाळी ६:४४

आता थोडा गंभीर होतो. तुम्ही सगळे मागताय काय? बारा वर्षांची पोरं बघणाऱ्या सिनेमात छळछावण्या दाखवायच्या? रंगीत कपड्यातला हिरो ऑशविट्झमध्ये उतरवायचा? मग तुम्हीच म्हणाल, किती हे असभ्य, मेलेल्यांचा बाजार मांडला. हायड्रा आणली ती कदाचित लाज वाटून आणली असेल. खऱ्या मेलेल्यांना खोट्या ठोशाने वाचवायचं नाही, म्हणून खोटा शत्रू.

उलटा_चष्मा | रविवार, संध्याकाळी ७:१०

भाबडेबुवा, हा आतापर्यंतचा माझ्याविरुद्धचा सगळ्यात भक्कम मुद्दा. तुमचा आयडी बदला.

शंकेखोर | रविवार, रात्री ८:२५

पण दाखवलंय की! 'एक्स-मेन' (२०००) सुरूच तिथे होतो. पोलंड, १९४४, पाऊस, चिखल. आईवडिलांपासून तोडलेला मुलगा हात पुढे करतो आणि लोखंडी फाटक वाकायला लागतं. चार सैनिक त्याला ओढताहेत तरी सरकत नाही. पुढे काय? बंदुकीचा दस्ता डोक्यात बसतो, मुलगा कोसळतो. आईवडील जायचे ते जातातच. शक्ती आहे, पण कुणीही वाचत नाही.

म्हणून तो प्रसंग असभ्य वाटत नाही. इतिहास जसा घडला तसाच ठेवलाय, कल्पनेने फक्त त्या मुलाच्या आतला आक्रोश लोखंडात दाखवला. आणि त्यातून खलनायक तयार होतो, नायक नाही, हे आणखी एक.

उलट त्याच मालिकेतला २०११चा 'फर्स्ट क्लास' हाच प्रसंग पुन्हा घेऊन सुरू होतो आणि शेवटी क्यूबाच्या पेचप्रसंगात घसरतो. केनेडींचं खरं भाषण दाखवतात, आणि मग कळतं की ऑक्टोबर १९६२चं सगळं एका उत्परिवर्तित खलनायकाचं कारस्थान होतं. दोन्ही आरमारांची क्षेपणास्त्रं एरिक, म्हणजे मोठा झालेला तोच मुलगा, हवेत हाताने थोपवतो.

आता खरं ऐका. २७ ऑक्टोबर १९६२. सोव्हिएत पाणबुडी बी-५९ क्यूबाजवळ खोल दडून बसलेली. वर अमेरिकन विनाशिका इशाऱ्याचे स्फोटगोळे टाकताहेत. आत जीव घुसमटवणारा उकाडा, मॉस्कोशी संपर्क तुटलेला, युद्ध पेटलं की नाही कळायला मार्ग नाही. पाणबुडीवर अण्वस्त्रवाला टॉर्पेडो आहे, आणि कप्तान तो सज्ज करायला सांगतो. वासिली आर्खिपोव्ह नावाचा अधिकारी त्याला समजावतो, शांत करतो, पाणबुडी वर न्यायला लावतो. २००२पर्यंत हे जगाला फारसं ठाऊकही नव्हतं.

एका माणसाने दुसऱ्याला "थांब" म्हटलं. त्याच्यापुढे हवेत तरंगणारी क्षेपणास्त्रं मला फिकी वाटतात.

पहिल्या_रांगेतला | रविवार, रात्री ८:४०

आर्खिपोव्हवर सिनेमा आला तर मी बघेन, पण दोन तास एक माणूस "थांब" म्हणतोय हे बघायला पहिल्या रांगेत मी एकटाच असेन.

रद्दीवाला | रविवार, रात्री ९:१२

'इटर्नल्स' (२०२१) कसा निसटला सगळ्यांच्या हातून? हिरोशिमाच्या राखेत उभा राहून फास्टॉस रडतो: मी काय केलं! कारण हजारो वर्षं माणसाला तंत्रज्ञान पुरवणारा तोच. अहो, अणुबॉम्ब बनला त्या लॉस अलामोसमध्ये माणसं होती, त्यांची नावं आहेत, पगारपत्रकं आहेत. बॉम्ब कुठे टाकायचा याच्या बैठका झाल्या, क्योटोचं नाव युद्धमंत्री स्टिमसन यांनी यादीतून काढायला लावलं. एवढं सगळं लिहून ठेवलेलं असताना परग्रहावरच्या पाहुण्याने येऊन दोष स्वतःकडे घ्यायचा?

निळी_शाई | रविवार, रात्री ९:३०

मला तो प्रसंग इतका वाईट नाही वाटला. त्याला जे होतंय ते शास्त्रज्ञांनाही झालंच होतं. पण दोष हलवण्याच्या तुमच्या तराजूत तो बसत नाही, हे मान्य.

तोफखाना | रविवार, रात्री ९:५१

वंडर वूमनवर परत येतो, एक राहिलं. "स्त्री खंदकात लढली हे अनैतिहासिक" असं तेव्हा बरेच जण ओरडत होते. मिलुंका सावित्स, सर्बियाची, बाल्कन युद्धांत पुरुष म्हणून भरती झाली, पहिल्या महायुद्धातही लढली, शौर्यपदकांनी छाती भरलेली. फ्लोरा सँडेस, इंग्लंडहून परिचारिका म्हणून गेली आणि सर्बियन सैन्यात सैनिक झाली, पुढे अधिकारी. रशियात मारिया बोच्कारेव्हाने १९१७मध्ये स्त्रियांची बटालियनच उभी केली. म्हणजे सिनेमातली सगळ्यात अविश्वसनीय म्हणून हिणवलेली गोष्ट घडलेली आहे, आणि "वर्षभर इंचभरही नाही" हे निमूट गिळलेलं वाक्य खोटं.

अर्धवट_रीळ | सोमवार, सकाळी ९:१५

एक शिफारस करून जातो. 'फ्रीक्स आउट' (२०२१), इटालियन, दिग्दर्शक गाब्रिएले माइनेत्ती. रोम, १९४३. सर्कशीतली चार विचित्र माणसं: एकीच्या अंगात वीज, एकाला कीटक वश, एकाच्या अंगाला लोखंड चिकटतं, एक केसाळ आणि अचाट ताकदीचा. त्यांचा मालक ज्यू, आणि तो गायब होतो. समोर नाझी पियानोवादक, दोन्ही हातांना सहा-सहा बोटं, त्याला भविष्य दिसतं. जर्मनी हरणार हे त्याला आधीच ठाऊक आहे आणि कुणी त्याचं ऐकत नाही.

इथे या धाग्याच्या दोन्ही बाजू एकत्र भेटतात. सुपरशक्ती आहेत, पण त्या दाखवून पोट भरणारी ही माणसं नाझींच्या लेखी आधीच 'नको असलेल्यां'त मोडतात. १६ ऑक्टोबर १९४३ला रोममधून हजाराहून जास्त ज्यूंना पकडून ऑशविट्झला पाठवलं. सिनेमातली आगगाडी बघताना ते मनात राहतं. सिनेमा लांबलाय, मधे रेंगाळतो, शेवटी जाळपोळ जरा जास्तच. पण एका रात्रीच्या चकमकीने युद्ध संपतं असा आव कुठेही नाही. वाचवलेली माणसं मोजता येतात एवढीच.

भाबडा_प्रेक्षक | सोमवार, सकाळी ९:४०

यादीत टाकला. (उच, आयडी बदलणार नाही.)

शंकेखोर | सोमवार, सकाळी १०:२२

मग 'वॉचमेन'ही घ्या. तिथे उलटा मार्ग आहे. सुपरहिरो खरंच युद्धात उतरला असता तर काय, हा हिशेब शेवटपर्यंत मांडलाय. अचाट शक्तीचा डॉ. मॅनहॅटन अमेरिकेला व्हिएतनाम जिंकून देतो, आणि परिणाम काय, तर १९८५मध्येही निक्सनच राष्ट्राध्यक्ष. इतिहास बदललात ना, मग त्याची किंमतही दाखवा. वंडर वूमनने लुडेनडॉर्फ मारला तर १९२३च्या उठावात हिटलरशेजारी कोण होतं, हे पुढच्या भागात यायला हवं होतं. पुढचा भाग थेट १९८४मध्ये!

उलटा_चष्मा | सोमवार, रात्री १०:०५

निळीताईंमुळे माझं एक मत हललं. मी कल्पनेलाच दोष देत होतो. नो मॅन्स लँड आणि ऑशविट्झचं फाटक, दोन्हीकडे कल्पना आहे आणि दोन्हीकडे दोष जागच्या जागी आहे. शेवटच्या मारामारीत तो हलतो. भाबडेबुवांच्या लाजेच्या मुद्द्यावर मात्र अजून विचार चालू आहे. रद्दीवाले म्हणतात धंदा, बुवा म्हणतात लाज. दोन्ही एकत्रही असू शकतं.

आज सासूबाईंना लुडेनडॉर्फची गोष्ट सांगितली. पद गेलं, मग कैसर पळाला, बर्लिनमध्ये क्रांती झाली, तेव्हा हा महापराक्रमी सेनापती खोट्या दाढीमिशा आणि निळा चष्मा लावून, खोट्या नावाने स्वीडनला पळाला, हेही सांगितलं. त्यांनी मालिकेचा आवाज बारीक केला.

"खोटी दाढी लावून?"

"हो."

"आणि वर म्हणे आम्ही हरलोच नाही?"

"हो."

"मग हेच दाखवायचं की," त्या म्हणाल्या आणि आवाज परत मोठा केला.